एकजिनसी चकती फिरते आहे, हे कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक चकती घ्या, आतून-बाहेरून पूर्ण एकजिनसी. तिच्यात अणू नाहीत, कण नाहीत, डाग किंवा ओरखडा नाही. कितीही बारीक पाहिलं तरी सगळीकडे तोच पदार्थ आणि तीच घनता. अशी एक चकती आपल्या आसाभोवती फिरते आहे आणि शेजारी हुबेहूब तशीच दुसरी स्थिर आहे. या दोघींत नेमका फरक कोणता? आणि अशा पदार्थाच्या एखाद्या भागाबद्दल ‘हाच तो मघाचा भाग’ असं म्हणण्यात काही अर्थ आहे का?

मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि त्यातली निम्मी वर्षं हा प्रश्न टाळला. वर्गात कोणी काढलाच तर ‘अशी चकती नसतेच’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचो. ते उत्तर खोटं नाही, पण पळपुटं आहे. आता सवडीने लिहितो.

लेथवर काम केलेल्या माणसाला या प्रश्नाची चुणूक आधीच मिळालेली असते. चकचकीत पॉलिश केलेली गोल दांडी पूर्ण वेगात फिरत असली तरी थांबल्यासारखी दिसते. म्हणून आमच्या वर्कशॉपमधले मेस्त्री तिच्यावर खडूची रेघ ओढून ठेवायचे. रेघेचा पुसट पट्टा झालेला दिसला की हात मागे. तत्त्वज्ञ म्हणतो, ही रेघ पुसा. मग तिच्याखालचे बारीक ओरखडे पुसा, स्फटिकांचे कण पुसा, अणूही पुसा. ज्याच्यावर खूण म्हणून बोट ठेवता येईल असं काहीच उरू देऊ नका. आता फिरणं म्हणजे काय, ते सांगा.

विद्यार्थ्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: बोट टेकवून बघा, चटका बसेल. बरोबर आहे. पण चटका बसला यावरून ती फिरत होती एवढंच कळतं. फिरणं म्हणजे काय, ते कळत नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, ताप म्हणजे काय हे सांगत नाही, तसंच.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. फिरणारी वस्तू बाहेर फुगते. न्यूटनने १६८७ मध्ये पाण्याच्या बादलीचा दाखला दिला तो याचसाठी: बादली फिरवली की पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो, आणि तेवढ्यावरून फिरणं ओळखता येतं. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे, तोही फिरण्यामुळेच. पण इथेही तीच अडचण. फुगवटा हा फिरण्याचा परिणाम आहे, आणि परिणाम दाखवून कारणाची व्याख्या होत नाही. शिवाय वादी लगेच म्हणणार, माझी चकती इतकी ताठ आहे की फुगतच नाही. सापेक्षता सिद्धान्तात पूर्ण ताठ वस्तूला जागा नाही, हे मला माहीत आहे; पण प्रश्न तेवढ्यावर बंद केला तर मी पुन्हा पळून गेलो असं होईल.

आधुनिक काळात हा युक्तिवाद तत्त्वज्ञ सोल क्रिप्की यांच्या १९७९ च्या व्याख्यानांमुळे आणि डेव्हिड आर्मस्ट्राँग यांच्या १९८० च्या लेखामुळे गाजला. त्याचा रोख असा. समजा जग म्हणजे एकापाठोपाठ एक क्षणचित्रं. प्रत्येक चित्रात कुठल्या जागी कुठला गुण आहे, एवढंच लिहिलेलं. मग स्थिर चकतीची फिल्म आणि फिरत्या चकतीची फिल्म शेजारी ठेवा. एकही चौकट वेगळी निघणार नाही, कारण प्रत्येक क्षणी प्रत्येक जागी तोच पदार्थ आहे. म्हणजे एक तर फिरणं हे खरंच काही नाही, किंवा फिल्ममध्ये काहीतरी लिहायचं राहून गेलं आहे. फिरणं खरं आहे हे सगळ्यांनाच मान्य. मग राहिलं काय? जग म्हणजे जागोजागच्या गुणांची नक्षी, त्यापलीकडे काही नाही, असं मानणाऱ्या डेव्हिड लुईस यांच्यासारख्यांना या चकतीने बराच त्रास दिला.

मला मात्र या वादाची जुनी आवृत्ती जास्त आवडते, कारण तिच्यात दुखणं जास्त उघडं पडतं. देकार्तने १६४४ मध्ये मांडलं की द्रव्य म्हणजे फक्त विस्तार, जागा व्यापणं; सगळीकडे एकच एक द्रव्य आहे आणि जगातली सगळी विविधता त्याच्या भागांच्या गतीतून येते. रिकामी जागा नाहीच. लाइबनिट्सने १६९८ मध्ये यावर बोट ठेवलं. सगळं काठोकाठ भरलेलं आणि सगळं एकसारखं, तर एक भाग सरकला की त्याच्या जागी तंतोतंत तसाच दुसरा येणार. मग आत्ताची स्थिती आणि मघाची स्थिती यांत सर्वज्ञालाही फरक दिसणार नाही. गतीने विविधता निर्माण करायची, तर ती गती आधी कशात तरी दिसायला हवी, आणि ती दिसण्यासाठी विविधता आधीच असायला हवी! देकार्तचा गाडा इथे चिखलात रुतला. लाइबनिट्सचा निष्कर्ष असा की द्रव्याच्या आतच काहीतरी जोर, काहीतरी बल असलं पाहिजे. नुसती जागा अडवणं पुरत नाही. त्याच्या पुढच्या आध्यात्मिक उड्या सोडून देऊ. पण त्याची पहिली पायरी बरोबर होती असं मला वाटतं, आणि भौतिकशास्त्र शेवटी तिथेच पोहोचलं.

उत्तराकडे जाण्याआधी एक आडवळण. असा पदार्थ मुळात असतो का? अ‍ॅरिस्टॉटलला तो नेहमीचाच वाटत होता: पाण्याचा कुठलाही भाग पाणीच. खऱ्या मिश्रणाबद्दलही त्याचा आग्रह हाच, की त्याचा प्रत्येक भाग मिश्रणच असला पाहिजे. नुसते बारीक दाणे शेजारी-शेजारी ठेवले तर ते आपल्या मंद नजरेपुरतं मिश्रण. लिंकियस नावाच्या तीक्ष्ण नजरेच्या पौराणिक पुरुषाला ते वेगवेगळे दिसतील, असं तो म्हणतो. आपल्याकडे वैशेषिकांनी, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी, विभाजन परमाणूपाशी थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की थांबलं नाही तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, दोघांचेही भाग अनंत. गणित शिकलेल्याला यातली फट दिसते. भाग अनंत असले म्हणून मापं सारखी होत नाहीत. उलट बाजूने वसुबंधू या बौद्ध विचारवंताने परमाणूलाच पेचात पकडलं: सहा दिशांनी सहा परमाणू त्याला चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या, मग तो निरवयव कसा?

या भांडणात प्रयोगाने बराच निकाल दिलेला आहे. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येच्या तयारीत सिलिकॉन-२८ चे एक किलोचे गोळे बनवले गेले, साधारण ९४ मिलिमीटर व्यासाचे. गोलाई इतकी अचूक, की गोळा पृथ्वीएवढा मोठा केला तर त्यावरचे चढउतार काही मीटरचेच भरतील. माणसाने घडवलेल्या सगळ्यात एकजिनसी वस्तूंपैकी ही एक. आणि ती बनवली कशासाठी? तिच्यातले अणू मोजण्यासाठी. साधारण २१५ वर २३ शून्यं, इतके निघाले. लिंकियस जिंकला, असं समजा.

पण ‘अणू आहेत, म्हणून प्रश्न मिटला’ हे चालणार नाही. प्रश्न एक पायरी खाली सरकतो, इतकंच. इलेक्ट्रॉनच्या आत काय? क्षेत्राच्या आत काय? कुठेतरी तळाशी एकसारखं काहीतरी लागणारच. तेव्हा चकतीकडे परत येऊ.

माझं उत्तर: क्षणचित्रात राहून गेलं ते संवेग, म्हणजे गतीचा जोर सांगणारं माप. ‘या जागी किती द्रव्य आहे’ एवढं लिहून द्रव्याची नोंद पुरी होत नाही. ‘या जागी किती संवेग आहे आणि कुठल्या दिशेने’ हेही त्याच नोंदीचा भाग आहे. सापेक्षता सिद्धान्तात हे दोन्ही एकाच कोष्टकात येतात. प्रत्येक बिंदूला ऊर्जेची घनता, संवेगाची घनता आणि आतले ताण मिळून दहा स्वतंत्र आकडे. स्थिर चकतीच्या कोष्टकात संवेगाच्या रकान्यांत शून्य. फिरत्या चकतीत तिथे आसाभोवती वळणारे बाण. खडूची रेघ नको, बोट टेकवणं नको, कोणता तुकडा कुठे गेला हे विचारणं तर नकोच.

हे रकाने हिशेबाच्या सोयीसाठी मांडलेले नाहीत. निसर्ग ते वाचतो. गुरुत्वाकर्षण नुसत्या वस्तुमानामुळे होत नाही, संवेगामुळेही होतं. फिरणारं वस्तुमान आजूबाजूच्या अवकाशाला किंचित ओढत नेतं, असं लेन्स आणि थिरिंग या शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये दाखवलं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहातल्या भोवऱ्यांनी ही ओढ मोजली: वर्षाला सुमारे ३७ सहस्रांश विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अपेक्षा ३९ ची होती आणि मोजमापातली अनिश्चितता ७ ची, म्हणजे जमलं. निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चकती एकजिनसी असो, फुगणार नाही म्हणून हट्ट धरून बसो, शेजारचा भोवरा तिची चुगली करणारच.

याहून झणझणीत दाखला कृष्णविवराचा. न फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये दिलं, फिरणाऱ्याचं केरने १९६३ मध्ये. केरच्या विवराच्या बाहेर सगळी पोकळीच. ज्याचा तुकडा म्हणून काही दाखवता येईल असं तिथे काहीच नाही. आसाभोवती ते पूर्ण सममित. तरी ते फिरतं, आणि दोन्ही विवरांच्या बाहेरची भूमितीच वेगळी. ‘कोणता भाग कुठून कुठे गेला’ या भाषेत हे फिरणं सांगताच येत नाही.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हात वर करतो: सर, तुम्ही गोल-गोल फिरताय. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वेग म्हणजे तोच तुकडा किती वेळात किती सरकला. म्हणजे ‘तोच तुकडा’ मागच्या दाराने आत आलाच की!

आक्षेप चांगला आहे, आणि खूप वर्षं मला तो बिनतोड वाटत होता. शाळेत संवेगाची ओळख तशीच करून देतात. पण भौतिकशास्त्राने संवेगाला त्या व्याख्येतून कधीच सोडवलं आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्र घ्या. चुंबकालाच विद्युतभार दिला आणि तो स्थिर ठेवला, तरी भोवतालच्या क्षेत्रात कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, साठतो. काहीही हलत नाही. क्षेत्राचा कुठलाही ‘तुकडा’ कुठेही जात नाही. विद्युतभार काढून घ्या, आणि टांगलेला चुंबक वळू लागतो. स्थिर क्षेत्रातला असा कोनीय संवेग १९८० मध्ये प्रयोगाने पकडला गेला आहे. तेव्हा संवेग मूळचा, आणि ‘तुकडा सरकला’ ही गोष्ट आपण त्यावर रचतो. जिथे खुणा आहेत तिथे ती चांगली जमते, म्हणून आपल्याला ती मूळ वाटते.

याची किंमत मोजावी लागते, ती लपवत नाही. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची एक सुटसुटीत कल्पना होती: गती म्हणजे या क्षणी इथे असणं आणि त्या क्षणी तिथे असणं, बस्स. ती सोडावी लागते. एका क्षणातच, शेजारच्या क्षणांकडे न बघता, वस्तूच्या अंगी काहीतरी ‘निघालेपण’ असतं, असं मानावं लागतं. काही तत्त्वज्ञांना हे गूढ वाटतं. मला घनता जितकी गूढ वाटते तितकंच हे वाटतं, जास्त नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: ‘हाच तो मघाचा भाग’. यावर सगळ्यात धीट उत्तर वैशेषिकांचं आहे. पृथ्वी या महाभूताचे दोन परमाणू रूपाने, गुणाने, क्रियेने सारखे. तरी ते दोन आहेत. का? तर प्रत्येकात एक अंतिम ‘विशेष’ असतो, ज्याचं काम फक्त वेगळं असणं. त्यांचा भाष्यकार प्रशस्तपाद तर पुढे जाऊन म्हणतो की योग्यांना या विशेषामुळे वेगळ्या जागी, वेगळ्या काळी पाहिलेला परमाणूही ‘तोच हा’ म्हणून ओळखता येतो. म्हणजे खडूची न पुसता येणारी रेघ, प्रत्येक कणावर, देवानेच ओढलेली. दर्शनाचं नावच या कल्पनेवरून पडलं, आणि तरी नव्यन्याय या नंतरच्या तर्कपरंपरेतल्या रघुनाथ शिरोमणीने तिला सरळ फाटा दिला: विशेष जर स्वतःच स्वतःला वेगळे ठेवू शकतात, तर परमाणूंनीच ते का करू नये? मधला अडत्या कशाला?

लाइबनिट्स दुसऱ्या टोकाला. पूर्ण सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. हेरेनहाउझेनच्या बागेत एक गृहस्थ दोन तंतोतंत सारखी पानं शोधत फिरले आणि त्यांना ती सापडली नाहीत, हा किस्सा त्याने स्वतःच क्लार्कला लिहिलेल्या पत्रात सांगितला. मॅक्स ब्लॅक यांनी १९५२ मध्ये त्याच्यापुढे एक रिकामं विश्व ठेवलं, ज्यात एकसारखे दोन लोखंडी गोळे आहेत आणि दुसरं काहीच नाही. एकाबद्दल जे म्हणाल ते दुसऱ्याबद्दलही खरं. तरी ते दोन. वर्गात हा दाखला दिला की अर्धा वर्ग ‘डावा आणि उजवा’ म्हणतो, आणि मग त्या विश्वात डावं-उजवं ठरवायला कोणीच नाही हे लक्षात येऊन गप्प होतो.

वाद शब्दांचाच राहिला असता, पण क्वांटम भौतिकीने त्यात हात घातला. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशाचा हिशेब नव्या पद्धतीने केला. त्याचं सार दोन कण आणि दोन कप्प्यांत सांगता येतं. कणांना स्वतःची ओळख असेल तर चार शक्यता: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिला डावीकडे नि दुसरा उजवीकडे, आणि त्याची अदलाबदल. चारही सारख्याच संभाव्य धरल्या, तर दोन्ही एकाच कप्प्यात असण्याची शक्यता निम्मी. बोस यांच्या मोजणीत अदलाबदल ही वेगळी शक्यताच नाही. तीनच शक्यता, आणि दोन्ही एकाच कप्प्यात असण्याचा वाटा दोन तृतीयांश. हा नुसता मतभेद नाही. उष्णता सोडणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाचा वर्णपट यावर ठरतो, आणि वर्णपट बोस यांच्या बाजूने उभा राहतो. फोटॉनवर देवाची रेघ असती तर निसर्गाने ती मोजली असती. तो मोजत नाही. रघुनाथ शिरोमणीने विशेषाला फाटा दिला, पण परमाणूंचं वेगळेपण ठेवलं. इथे तेही डळमळतं.

मग फिरण्याचं काय? इथे क्वांटम भौतिकीचं एक वाक्य मला विलक्षण वाटतं: जी अवस्था आसाभोवती कितीही वळवली तरी जशीच्या तशी राहते, तिचा त्या आसाभोवतीचा कोनीय संवेग शून्य. म्हणजे ती फिरत नाही, फिरू शकत नाही. हे अणुकेंद्रांत दिसतं. लंबगोल आकाराच्या अणुकेंद्रांच्या वर्णपटात फिरण्याच्या पातळ्यांची ठरावीक शिडी सापडते. गोल अणुकेंद्रांत ती शिडी नसते. अणुकेंद्राच्या रचनेवरच्या अशा कामासाठी ओगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५ चं नोबेल मिळालं. लाइबनिट्सच्या सर्वज्ञालाही जो फरक दिसला नसता, तो फरक निसर्गानेही ठेवलेला नाही.

पण मघाशी तर मी म्हणालो की एकजिनसी चकती फिरू शकते! विरोध नाही, प्रश्नातला एक शब्द आपण तपासायचा राहिला होता. चकती एकजिनसी आहे, पण कशात? घनतेत, की सगळ्याच बाबतीत? हा भेद कागदावरचा नाही, तो प्रयोगशाळेत भांड्यात घालून दाखवता येतो. हेलियम २.१७ केल्विनच्या खाली नेला की तो अतिप्रवाही होतो. त्याला कंकणाच्या आकाराच्या नळीत वाहता केला तर तो थकत नाही, वाहतच राहतो. नळीभर घनता सारखी; कुठल्याही जागी वेगळं असं काही नाही. मग वाहता हेलियम आणि थांबलेला हेलियम यांत फरक कशात? तरंगाच्या कलेत, म्हणजे तरंग आपल्या चढउताराच्या चक्रात कुठे आहे, त्यात. थांबलेल्यात कला सगळीकडे सारखी. वाहत्यात नळीला एक वेढा घालून आलं की कला पूर्ण एकदा, किंवा दोनदा, किंवा तीनदा वळून येते. मधलं काही चालत नाही, दीडदा वळली तर सुरुवात आणि शेवट जुळणार नाहीत. म्हणून प्रवाह पायरीपायरीनेच बदलतो. पायरीची उंची म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले हेलियमच्या अणूचं वस्तुमान, आणि ती मोजलेली आहे.

तुमच्या चकतीला निसर्गातलं सगळ्यात जवळचं नातलग माझ्या माहितीत हेच. त्यात कोणता अणू कुठे गेला हे विचारायची सोय नाही, कारण हेलियमचे अणू बोस यांच्याच हिशेबात मोडतात. तरी तो वाहतो आहे की नाही याला स्वच्छ उत्तर आहे, आणि ते पूर्णांकात आहे: शून्य, एक, दोन. चकती घनतेत एकजिनसी असेल तर फिरत्या आणि स्थिर चकतीत फरक आहे, आणि तो संवेगात, किंवा त्याच्याही खाली कलेत लिहिलेला आहे. चकती सगळ्याच बाबतीत एकजिनसी असेल तर दुसरी, फिरणारी चकती तुम्ही शेजारी ठेवलेलीच नाही. दोन स्थिर चकत्या ठेवल्या आहेत.

‘मघाचाच भाग’ याबद्दल सांगायचं तर मी रघुनाथाच्याही एक पाऊल पुढे आहे. जिथे खूण टिकते तिथे ‘तोच’ म्हणणं रास्त, लेथवरच्या दांडीबद्दल तर अत्यावश्यक. खूण टिकत नाही तिथे तो शब्द चुकीचा ठरत नाही, पण त्याला पकडायला काही राहत नाही. मूर्ती आणि माती एकच की दोन, असं विचारणाऱ्यांनाही मी आधी हेच विचारतो: माती ओळखायची कशावरून?